सत्तरीनंतर तोल सांभाळण्यासाठी पोट-कमरेचे व्यायाम

गुहागरला राहणाऱ्या आपल्या सत्तरीच्या आई पावसाळ्यात खळ्यातून पडवीत चढताना घसरल्या, तेव्हा पोटाच्या बळकटीसाठी त्यांना सिट-अप्स (पाठीवर झोपून धड वर उचलणे) द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते देऊ नयेत. या वयात हाडे ठिसूळ असण्याची शक्यता बरीच असते आणि वारंवार जोराने पुढे वाकल्याने मणका दबू शकतो. शिवाय तोल सावरताना धड वर उचलायचे नसते, स्थिर ठेवायचे असते. हात किंवा पाय हलण्याच्या क्षणभर आधी पोटाचा आतला आडवा स्नायू आणि मणक्यालगतचे लहान स्नायू आवळले जातात. हे काम उशिरा झाले की पाय सरकल्यावर वरचे अंग सावरणे कठीण जाते.

सुरुवात सेतुबंधासनाने, म्हणजे पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलण्याने, करावी. मात्र सर्वाधिक भर मी खुर्चीतून उठण्यावर देईन. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, छाती पुढे झुकवून श्वास सोडत हात न टेकता उठावे आणि बसताना धपकन न बसता सावकाश खाली यावे. असे आठ-दहा वेळा पुरे. हे जमू लागले की ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहणे आणि पडवीच्या कठड्यालगत टाचेपुढे टाच ठेवून चालणे सुरू करावे. त्या वेळी जवळ कोणीतरी असावेच.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगते. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. नुसत्या चालण्याने तसे घडते, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. ‘रोज देवळापर्यंत जाते की’ हे उत्तर आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

उठल्यावर चक्कर येत असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ पावसाळाभर तारेच्या ब्रशने घासत राहावे, कारण बुळबुळीत चिऱ्यावर तरणा माणूसही आडवा होतो.