बरा होतोय म्हणता, मग सहा महिने लघवी कशाला तपासायची?

मुलांच्या ओपीडीला लागून असलेल्या खोलीत बसून मी पालकांशी बोलते. आयजीए व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार, झालेल्या मुलाचे आईवडील आले की एक प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा रागातच येतो. या घरातल्या आईनं तो असा विचारला : "एकीकडं म्हंत्यात आपोआप बरं होतंय, आन् लगेच म्हंत्यात सहा महिने लघवी तपासा. काय लपवायलेत काय आमच्यापासनं?"

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा सात वर्षांचा, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. पेठेतलं पोरगं म्हणजे फुटबॉल आलाच. त्यामुळे घोटा सुजला तेव्हा कुणाची तरी लाथ बसली असणार असं धरून घरच्यांनी हळदीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी नडग्यांवर आणि ढुंगणावर लालजांभळे डाग उठले, बोट फिरवलं तर हाताला लागतील असे. आजींनी उष्णता ठरवून सब्जा भिजवला. रात्री पोटात कळा सुरू झाल्यावर मात्र सगळे दवाखान्यात पळाले. प्लेटलेट नॉर्मल, डाग पायांवर, सांधा सुजलेला, पोट दुखतंय, आठवड्यापूर्वी सर्दी-खोकला येऊन गेलेला. निदानाला फार वेळ लागला नाही.

लहान मुलांमध्ये रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा हा सगळ्यात जास्त आढळणारा आजार आहे. शरीराच्या संरक्षणासाठी असलेलं आयजीए हे प्रथिन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठतं, तिथं सूज येते आणि रक्त झिरपतं. कातडीखाली झिरपलं की डाग दिसतात, आतड्यात तसं झालं की पोट दुखतं. किडनीच्या गाळणीत साठलं तर लघवीत रक्त किंवा प्रोटीन उतरतं. वडिलांनी फाइलवर 'एचएसपी' वाचलं होतं आणि डॉक्टरांच्या तोंडून 'आयजीए' ऐकलं होतं, म्हणून पोराला दोन आजार झालेत असं ते धरून बसले होते. आजार एकच. हेनॉक आणि शोनलाइन या जर्मन डॉक्टरांवरून पडलेलं 'एचएसपी' हे जुनं नाव 2012 मध्ये बदललं, पण कागदोपत्री अजून दोन्ही चालतात.

आता मूळ प्रश्न. आईनं मोबाइलवर वाचलं होतं की तीनातल्या एका मुलाच्या किडनीला हा आजार धरतो. आकडा खोटा नव्हता, अर्धवट होता. 2005 मध्ये बालरोगशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात बारा अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात 1133 मुलं होती. लघवीत काही ना काही सापडलं ते 34 टक्के मुलांत. अशा आकड्यांसाठी मी कोरा कागद घेते आणि शंभर ठिपके काढायला लावते, तेही वडिलांना. शंभरातल्या चौतीस ठिपक्यांभोवती त्यांनी गोल केले. त्या चौतीसपैकी सत्तावीस जणांच्या लघवीत नुसतं थोडं रक्त किंवा प्रोटीन होतं, बाहेरून काहीच कळणार नाही असं. उरलेल्या सातांचा त्रास मोठा : अंगावर सूज, वाढलेलं बीपी, लघवीतून खूप प्रोटीन जाणं. किडनीला कायमचा धक्का बसला तो या सातांपैकी साधारण एका-दोघांना आणि त्या सत्तावीसांत सरासरीनं एकही पुरता भरत नाही. सगळे मिळून शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत. आणि ज्यांची लघवी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, त्यांच्यातल्या एकालाही कायमचं नुकसान झालेलं नव्हतं.

सहा महिन्यांचं उत्तरही याच आढाव्यात आहे. ज्यांच्या लघवीत दोष निघाला, त्यांतल्या 85 टक्के मुलांत तो पहिल्या चार आठवड्यांत दिसला, 91 टक्क्यांत सहा आठवड्यांत आणि 97 टक्क्यांत सहा महिन्यांत. म्हणून तपासण्या सुरुवातीला दाट असतात, पुढं विरळ होतात आणि सहा महिन्यांशी सहसा थांबतात. "बहुतेक मुलं बरी होतात" हे खरं आणि "तपासत राहा" हेही खरं, कारण किडनीचा दोष सुरुवातीला दुखत नाही. ताप नाही, जळजळ नाही. तो लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवर आणि बीपीच्या यंत्रावरच दिसतो.

वडील बराच वेळ कागदाकडं बघत होते. मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. "मग स्टेरॉइड का देत नाहीत? आधीच दिलं तर किडनी वाचंल की." शंका रास्त होती, डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं तीच होती. ती सोडवायला ब्रिटनमध्ये 352 मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना चौदा दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. 2013 मध्ये निकाल छापून आला : वर्षभरानंतर लघवीतल्या प्रोटीनमध्ये दोन गटांत फरक नव्हता. त्याआधी फिनलंडमध्ये 171 मुलांवरच्या चाचणीत स्टेरॉइडनं पोटदुखी आणि सांधेदुखी कमी झालेली दिसली, पण किडनीचा त्रास सुरू होण्यापासून थांबला नाही. त्यामुळे पोट फार दुखत असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतात, किडनीला खरोखर त्रास झाला तर तेव्हाही देतात; सगळं नॉर्मल असताना कवच म्हणून देत नाहीत. हे ऐकल्यावर, डॉक्टर औषधात कंजुषी करतायत हा त्यांचा समज गेला. मला वाटतं, चाचणी झाली होती, कुणी तरी मोजून बघितलं होतं, हे त्यांना जास्त पटलं. ते गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत क्वालिटी बघतात.

आईचं दुखणं वेगळं होतं. सर्दी असताना मी शाळेत पाठवलं म्हणून झालं, असं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. त्यात गल्लीतल्या एकीनं पायावरचे डाग बघून "मारलंस काय गं पोराला?" असं विचारलं, आणि शाळेतल्या बाईंनीही आडून चौकशी केली. शेजारणीचं सोडून द्या. शाळेतल्या बाईंचं मात्र मला चुकीचं वाटत नाही. पोराच्या मांड्यांवर, ढुंगणावर वळांसारखे डाग दिसले तर शिक्षकांनी विचारलंच पाहिजे. डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी शाळेत दिली, विषय मिटला. सर्दीचं तिला इतकंच सांगितलं की वर्गातल्या निम्म्या पोरांना तीच सर्दी झाली असेल, डाग एकाच्याच पायावर उठले. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि कुठल्या आईनं काय केलं म्हणून होतही नाही.

ती रोज लघवी बाटलीत धरून उजेडाकडं बघायची. पोरगं त्याला इतकं वैतागलं होतं की लपून जायला लागलं. मी त्याच्याशी एकट्याशी बोलले तेव्हा तो म्हणाला, "माझी किडनी जाणार हाय नव्हं?" मोठ्यांचं दाराआडचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. त्याला तोच ठिपक्यांचा कागद दाखवला. आईला म्हटलं, रोजचं बाटलीत बघणं बंद. डॉक्टरांनी दिलेल्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि त्याच दिवशी तपासा. वेळापत्रक सोडून केव्हाही धावायचं अशी लक्षणं थोडी आहेत : पोटात असह्य कळा आणि उलट्या, शौचावाटे रक्त किंवा काळी शी, कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, सकाळी डोळ्यांखाली सूज. मुलग्यांमध्ये अंडकोशालाही सूज येते, आणि ते लाजेपायी बोलत नाहीत. म्हणून हे त्यालाच समोर बसवून सांगितलं, हसू न देता. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत, हे वडिलांना.

आजींना पथ्य हवं होतं. तांबडा रस्सा बंद, दही बंद, अंडं बंद. डॉक्टरांनी कसलंही पथ्य दिलेलं नव्हतं, तेच मी सांगितलं. पोट दुखत असताना साधं खाऊ द्या, बरं वाटलं की घरचं सगळं. घोट्याची सूज उतरल्यावर डॉक्टरांनी फुटबॉललाही परवानगी दिली.

साधारण एक तृतीयांश मुलांत हे डाग पुन्हा येतात, बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत आणि आधीपेक्षा सौम्य. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण न सांगता आलं तर घर पुन्हा पहिल्या दिवसावर जातं. याच्या बाबतीत जोतिबाच्या यात्रेहून आल्यावर आलेच. आईचा फोन आला, पण रडं नव्हतं : "डाग उठलेत, लघवी स्वच्छ हाय, सोमवारी दाखवायला आणू का आजच?" आजच आणा म्हटलं. डॉक्टरांनी तपासण्यांची मुदत त्या दिवसापासून नव्यानं धरली.

ज्यांच्या मुलाच्या लघवीत प्रोटीन आधीच सापडलंय, त्यांना वरचे सगळे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना हे विचारावं : प्रोटीन नेमकं किती आहे, बीपी या वयाला ठीक आहे का, मुलांच्या किडनीतज्ज्ञांना कधी दाखवायचं, आणि बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) लागलीच तर ती कशावरून ठरवणार.