मुलीला पाळक व्हायचंय, पाठवू का?

पत्राचा सारांश : आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. मुलगी बी.ए. झाली, आता सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या कॉलेजात, जायचं म्हणते. बायकांनी हे शिक्षण घ्यायची रीत आपल्यात आहे का? आणि पोटापाण्याचं काय? – एक आई

ताई, रीत आहे, आणि तिचा एक धागा तुमच्याच शहराला येऊन मिळतो. इंदूरला १८७७ पासून काम करणाऱ्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने १८९७ मध्ये टोरंटोला मिशनवर जाणाऱ्या स्त्रियांसाठी युअर्ट ट्रेनिंग होम काढलं. जर्मनीत तर कायझर्सवर्थला पास्टर फ्लीडनर १८३६ पासून डीकनेस, म्हणजे चर्चच्या सेवेला वाहून घेतलेल्या बायका, घडवत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे शिकल्या.

पण या शिक्षणाला कुंपण होतं. शुश्रूषा, शाळा, घरोघर भेटी बायकांकडे. मंडळीची धुरा आणि प्रभुभोजनाचा विधी पुरुषांकडे. घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या आपल्या बायबलबायांचंही तेच झालं. पडद्यातल्या बायकांपर्यंत पुरुष प्रचारकाला जाता येत नसे, म्हणून यांना शिकवलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही अशा बायका तयार झाल्या. खुद्द पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, तरी त्यांना पाळकाची दीक्षा नव्हती. कॅनडात १९२५ मध्ये बहुतेक प्रेस्बिटेरियन आणि इतर काही चर्चच्या विलीनीकरणातून झालेल्या युनायटेड चर्चने १९३६ मध्ये लिडिया ग्रुची यांना दीक्षा दिली. वेगळ्या राहिलेल्या प्रेस्बिटेरियन चर्चने स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली ती १९६६ मध्ये. शिकवायचं आणि दारात थांबवायचं, हा अन्याय मला आजही सलतो.

तुमच्या लेकीपुढे ते दार उघडं आहे. सीएनआय स्त्रियांना दीक्षा देते. दक्षिणेत सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं. म्हणूनच माझा आग्रह आहे की तिला सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर बसवू नका. 'मुलीला एवढं पुरे' असं कुणी मंडळीतलं म्हणेल, त्यांचं ऐकू नका. तिने बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) करावं, पुरुष उमेदवार करतात तेच, आणि बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सेनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न असलेल्या कॉलेजातून. सेरामपूरला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश सनदेने मिळाला आणि तिथली पदवी बहुतेक प्रोटेस्टंट चर्च मानतात. मध्य प्रदेशातच जबलपूरला लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. ग्रीक-हिब्रूची धास्ती नको, तिथे मुळाक्षरांपासून शिकवतात.

पोटापाण्याचं खरं सांगते. पाळकाचा पगार धर्मप्रांतागणिक बदलतो आणि फारसा नसतो. दीक्षा नाही मिळाली तरी मिशनची शाळा, हॉस्पिटलमधली चॅप्लेनची (रुग्णांना धार्मिक आधार देणाऱ्याची) जागा किंवा समुपदेशन हे मार्ग आहेत. समुपदेशनाचा एखादा कोर्स तिने जरूर करावा, पण बी.डी.च्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे.

प्रवेशाआधी एक काम करा. चर्चकडून उमेदवार म्हणून जायचं तर मंडळीची आणि बिशपांची शिफारस लागते. तुम्ही दोघी पाळकसाहेबांकडे जा, मग धर्मप्रांताच्या कार्यालयात. तिथे सरळ विचारा : आपल्याकडे दीक्षित स्त्रिया किती आहेत, त्यांना स्वतंत्र मंडळी दिली आहे का, खर्चाचा किती भाग धर्मप्रांत उचलेल? उत्तर लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर दुसऱ्या धर्मप्रांताकडे विचारणा करायला वेळ हाताशी राहील.

आणि एखाद्या दीक्षित बाईंशी लेकीची गाठ घालून द्या. तिला काय विचारायचं ते तिचं तिला विचारू द्या. तुम्ही तेवढा वेळ बाहेर बसा.