‘रेत्ता’: मालक ‘जमवतो’ म्हणाला, म्हणजे नक्की काय म्हणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये नोकरी मिळतेय, पण घर, परवाना, विमा काहीही विचारलं की मालकाचं आइसलँडिकमध्ये एकच उत्तर येतं, ‘येग रेत्ता थेस्सु’. ऑनलाइन भाषांतर त्याचा अर्थ कधी ‘वाचवतो’ दाखवतं, कधी ‘दुरुस्त करतो’. मग विसंबायचं कशावर?

मराठीत याला नेमका शब्द आहे: जमवणे. ‘मी जमवतो’ म्हणजे ‘येग रेत्ता थेस्सु’. आणि आइसलँडमध्ये उठताबसता ऐकू येणारं ‘थेह्ता रेत्तास्त’ म्हणजे ‘जमेल हो, जमून जाईल’. जमवणे आणि जमणे यांत जो फरक, तोच इथे. शेवटचा ‘स्त’ हा मुळात ‘स्वतःला’ या अर्थाच्या सर्वनामाचा झिजलेला अवशेष आहे. तो लागला की काम करणारा गायब होतो. म्हणून पत्रव्यवहारात आधी हे बघा की क्रियापद कुठलं आहे. ‘रेत्ता’ असेल तर कुणीतरी काम अंगावर घेतलंय. ‘रेत्तास्त’ असेल तर कुणीच घेतलेलं नाही, फक्त धीर दिलाय.

शब्द मूळचा आइसलँडिक नाही. डॅनिशमधल्या ‘वाचवणे’ या क्रियापदावरून तो आला आणि डॅनिशमध्ये मध्ययुगीन लो जर्मनमधून. आजचं जर्मन ‘रेटन’ त्याचंच भावंड. आइसलँड शतकानुशतकं डेन्मार्कच्या राजाखाली होता, प्रजासत्ताक झाला १९४४ साली, त्यामुळे असे शब्द बोलण्यात भरपूर मुरले. मात्र वाटेत अर्थ पातळ झाला. खरोखर जीव वाचवायचा तर तिथे ‘ब्यार्गा’ म्हणतात, आणि स्वयंसेवी बचाव पथकांच्या नावातही त्याच धातूचं नाम आहे. ‘रेत्ता’ उरला रोजच्या अडचणींपुरता: गाडीत जागा, रात्रीपुरता पलंग, बिघडलेला नळ. त्यावरून झालेलं नाम ‘रेत्तिंग’ म्हणजे वेळ मारून नेणारी डागडुजी, आणि ‘रेत्तारी’ म्हणजे असली कामं जमवून देणारा माणूस.

लिहिताना आर-ई-डी-डी-ए असं दिसतं, म्हणून आपण ‘रेड्डा’ वाचतो. तिथे दुहेरी ‘डी’चा उच्चार आपल्या ‘पत्ता’मधल्या ‘त्त’सारखा होतो. उलट दुहेरी ‘टी’च्या आधी श्वास सुटतो, म्हणून ‘थेह्ता’. (तो ‘थ’ही आपला नव्हे, इंग्रजी ‘थिंक’मधला.)

व्याकरणात हमखास चुकतं ते विभक्तीत. ‘रेत्ता’चं कर्म म्हणून ‘हे’साठी ‘थेह्ता’ चालत नाही, ‘थेस्सु’ हे चतुर्थीचं रूप लागतं. माणूसही चतुर्थीत: ‘ग्येतुर्दु रेत्ताद म्येर फारी?’ म्हणजे ‘मला गाडीतून सोडायची सोय कराल का?’ ‘म्येर’ म्हणजे मला, इथवर मराठीसारखंच, पण ‘फारी’ ही वस्तूसुद्धा चतुर्थीत आहे. ‘थेह्ता रेत्तास्त’मध्ये मात्र ‘हे’ कर्ता असल्यामुळे प्रथमेतच राहतं. ‘येग रेत्ता म्येर’ म्हणजे माझं मी बघेन. कुणाच्या मदतीला हे उत्तर दिलंत तर पुन्हा कुणी विचारणार नाही, जपून वापरा.

अर्जात किंवा सरकारी पत्रात हे क्रियापद घालू नका, ते बोलीतलं मानतात. ‘मिळवून देणे’साठी ‘ऊत्वेगा’ वापरा, पण त्याला वस्तू द्वितीयेत लागते, चतुर्थीत नाही.

आता मालकाचं. खोली, विमानतळावरून आणणं, जुना सोफा या बाबतीत ‘रेत्ता’वर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. परवान्याचं तसं नाही. भारतीय नागरिकाला काम आणि वास्तव्य दोन्हींची परवानगी लागते आणि सर्वसाधारणपणे ती निघण्याआधीच मिळालेली असावी लागते. तो निर्णय मालकाच्या हातात नसतो, त्यामुळे मंजुरीचा कागद येईपर्यंत तिकीट काढू नका. सरकारी आरोग्य विमाही वास्तव्याची नोंद होऊन ६ महिने झाल्यावरच लागू होतो. तोवरचा खासगी विमा लागतो, त्याचे पैसे कोण भरणार हे लेखी घ्या.

तोंडी आश्वासन मिळालं की लगेच दोन प्रश्न विचारा: ‘क्वेर?’ म्हणजे कोण, आणि ‘क्वेनाइर?’ म्हणजे कधी. विचारण्यात उद्धटपणा नाही. नाव आणि तारीख मिळाली तर ठीक, आणि उत्तरात परत ‘थेह्ता रेत्तास्त’ आलं तर ते काम तुमच्या यादीत लिहून टाका.