अंदाज, अनुमान आणि आकलन: संख्याशास्त्रात कोणता शब्द कुठे?

वेंगुर्ल्याचे एक वाचक बंदरावर उतरणाऱ्या मासळीविषयी मराठीत अहवाल लिहीत आहेत. ‘एस्टिमेशन’ला (थोड्या निरीक्षणांवरून पूर्ण आकडा काढण्याला) अनुमान म्हणावे, आकलन म्हणावे की अंदाज, ‘एस्टिमेटर’साठी निराळा शब्द लागतो का, ‘असम्प्शन’ला गृहीत म्हणावे की गृहीतक, आणि मुळात ‘अंदाज’ हा शब्द शास्त्रीय लेखनाला फार ढिला पडत नाही का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटची शंका आधी घेतो, कारण तिच्यावर बाकीची उत्तरे अवलंबून आहेत. ‘अंदाज’ हा फारसीतून आलेला शब्द बोलण्यात सैल वापरला जातो हे खरे, परंतु सरकारी व शास्त्रीय मराठीत त्याला चांगले वजन आहे. अंदाजपत्रक हा शब्द कोणाला ढिला वाटत नाही, विधिमंडळाच्या अंदाज समितीचे नाव बदलावे असेही कोणी म्हणत नाही. महसूल खात्याच्या पैसेवारीत (म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले हे ठरवण्यात) तर अंदाजाच्या पायऱ्याच भाषेने नोंदवून ठेवल्या आहेत: उभे पीक पाहून ठरते ती नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि पीक कापणी प्रयोगानंतर अंतिम. (हिंदीच्या प्रभावाने ‘नजरअंदाज करणे’ म्हणजे दुर्लक्ष करणे असा अर्थ आता मराठी वर्तमानपत्रांतही शिरला आहे, तो पैसेवारीच्या फायलीपर्यंत न पोहोचलेला बरा.) अदमास, कयास, अटकळ, ठोकताळा, आडाखा हे शब्द मात्र अहवालात टाळावेत, कारण त्यांत आकडा कोणत्या रीतीने काढला हे सांगण्याची जबाबदारी येत नाही.

‘आकलन’ मी सुचवणार नाही. हिंदीतील पारिभाषिक शब्दावलीत तो या अर्थाने रुळलेला आहे, परंतु मराठी वाचकाला आकलन म्हणजे समजणे, उमगणे. ‘मासळीचे आकलन’ असे लिहिल्यास तो क्षणभर थबकेल. ‘अनुमान’ हा शब्द चांगला आहे, पण त्याची व्याप्ती मोठी आहे. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असे ठरवणे, हे न्याय या भारतीय तर्कशास्त्रातले अनुमान. संख्याशास्त्रातही नमुन्यावरून समष्टीविषयी (ज्यातून नमुना घेतला त्या संपूर्ण समूहाविषयी) जो काही निष्कर्ष काढायचा, तो सगळा अनुमानात येतो. परिकल्पनेची, म्हणजे आधी मांडलेल्या तर्काची, चाचणी घेणे हेही अनुमानच. अज्ञात राशीची किंमत ठरवणे हा त्याचा एक भाग आहे, आणि त्या भागाला अंदाज म्हणावे.

‘एस्टिमेटर’ला वेगळा शब्द लागतोच. हाती येणारा आकडा म्हणजे अंदाज, आणि तो काढण्याची ठरलेली रीत ही निराळी वस्तू आहे. समजा, रत्नागिरीहून निघालेल्या टेम्पोतील आंब्याच्या पेट्यांवर 1 पासून ओळीने क्रमांक घातले आहेत आणि आपल्याला सहज चार पेट्या दिसल्या: 19, 40, 42 आणि 60. एकूण पेट्या किती? कमाल संभवाची रीत (जे दिसले ते दिसण्याची संभाव्यता सर्वांत जास्त करणारी संख्या निवडणारी) वापरली तर उत्तर 60 येते, कारण एकूण संख्या जितकी लहान तितकी नेमक्या याच चार पेट्या दिसण्याची संभाव्यता अधिक, आणि 60 पेक्षा लहान ती असूच शकत नाही. सरासरीच्या रीतीने चौघांची सरासरी 40.25, तिची दुप्पट करून एक वजा केला की 79.5. तिसरी रीत सर्वांत मोठ्या क्रमांकात त्याचाच चौथा हिस्सा मिळवून एक वजा करते: 60 अधिक 15 उणे 1, म्हणजे 74. चारच क्रमांक, रीती तीन, अंदाजही तीन. दुसऱ्या रीतीचा एक विनोदी दोष असा की पेट्या 3, 5, 7 आणि 60 दिसल्या तर ती 36.5 असे उत्तर देते, साठ क्रमांकाची पेटी डोळ्यांसमोर असताना! म्हणून ‘एस्टिमेटर’ला अंदाजसूत्र म्हणावे असे मला वाटते. आकडा चुकला की सूत्र चुकले, हा भेद मग वाक्यातच दिसतो.

हे उदाहरण केवळ करमणुकीचे नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांच्या भागांवरील अनुक्रमांकांवरून दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी असेच हिशेब केले. ऑगस्ट 1942 मधील उत्पादनाचा त्यांचा अंदाज 327 होता, हेरखात्याचा 1550, आणि युद्धानंतर कागदपत्रांत सापडलेला खरा आकडा 342.

वरच्या तीन सूत्रांपैकी पहिले नेहमी कमी किंवा फार तर बरोबर उत्तर देते, म्हणजे ते एका बाजूला झुकलेले आहे; दुसरे आणि तिसरे झुकलेले नाही. या ‘अनबायस्ड’ गुणाला ‘निःपक्षपाती’ म्हणण्याचा मोह होतो, परंतु पक्षपात माणूस करतो, सूत्राला हेतू नसतो. संस्कृतातून घडवलेला ‘अनभिनत’ अचूक आहे, पण प्रत्येक वेळी समजावून सांगावा लागतो. ‘झुकावरहित’ चालेल. मात्र झुकावरहित सूत्राचा प्रत्येक अंदाज बरोबर असतो असे नाही. पुन्हा पुन्हा वापरल्यास त्याची सरासरी खऱ्या किमतीवर येते, एवढेच त्याचे आश्वासन आहे.

आता गृहीतक. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच आचेवर एकाच भांड्यात शिजतो म्हणून, आणि ही अट म्हणीत न बोलता गृहीत धरलेली असते. संख्याशास्त्रात ती बोलून दाखवावी लागते, तेव्हा ती गृहीतक होते. ‘गृहीत’ हे विशेषण आहे, ‘गृहीत धरणे’ ही क्रिया, आणि ‘गृहीतक’ हे नाम. अहवालात तिन्ही आपापल्या जागी चालतील. पेट्यांच्या हिशेबात गृहीतके दोन होती: क्रमांक 1 पासून न वगळता घातले आहेत, आणि कोणतीही पेटी दिसण्याची संधी सारखी आहे. लहान क्रमांकाच्या पेट्या वर रचल्या असतील तर दुसरे गृहीतक कोसळते आणि तिन्ही सूत्रे फसतात.

बंदरावरही हेच आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या पद्धतीत प्रत्येक बंदरावर रोज माणूस उभा नसतो; किनाऱ्याचे स्तर, म्हणजे गट, पाडून बंदरे व दिवस यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) निवडतात, त्या दिवशी आलेल्या नौकांपैकी काहींची मासळी पाहतात आणि त्यावरून महिन्याचा अंदाज काढतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला ट्रॉलर (जाळे ओढत नेणारी यांत्रिक नौका) आणि मालवणची रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) यांची एकच सरासरी काढण्यात अर्थ नाही, म्हणून नौकांचे प्रकारही वेगळे धरावे लागतात.

तेव्हा आपल्या अहवालात ‘उतरलेल्या मासळीचा अंदाज’ असे लिहावे आणि त्याच परिच्छेदात गृहीतक द्यावे: ‘न पाहिलेल्या दिवशी उतरलेली मासळी पाहिलेल्या दिवसांसारखीच होती, असे धरले आहे.’ यांत्रिक नौकांवरील पावसाळी मासेमारीबंदीचा काळ त्यांच्या हिशेबातून वगळलाच पाहिजे. शिवाय ज्या दिवशी बंदरावर वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला आणि नौका बंदरातच राहिल्या, ते दिवस वेगळा स्तर म्हणून नोंदवावेत, नाहीतर हे वाक्य खोटे ठरेल.