नव्या लिव्हरमध्ये जुना आजार

कोल्हापूर

चि. डॉक्टरास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पेशंटचं अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताला अडथळा आला की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढलंय आणि घरचे विचारतायत, "लिव्हर नवीन बसवलं, मग परत तेच कसं?" प्रश्न रास्त आहे. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिसमध्ये, म्हणजे पित्तनलिका सुजून आकसत जाण्याच्या या आजारात, लिव्हर बदललं तरी प्रतिकारशक्ती पेशंटचीच राहते, आतडंही त्याचंच. साधारण पाचात एकाला काही वर्षांनी नव्या पित्तनलिकाही आकसतात. यात दात्याचा दोष नसतो, हे न विचारता सांग. आपल्याकडे दाता बहुधा घरातलाच असतो, बायको नाहीतर भाऊ, आणि ती माणसं 'माझंच लिव्हर कमी पडलं' म्हणून मनातल्या मनात झुरतात.

पण 'परत तोच आजार' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. पित्तनलिकांना रक्त यकृताच्या धमनीतूनच मिळतं. ती तुंबली तरी एमआरसीपीवर (पित्तनलिकांच्या एमआरआयवर) तसंच चित्र दिसतं, म्हणून आधी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, कर. मग नलिका जोडल्या तिथलं आकुंचन, जुनाट रिजेक्शन (शरीरानं नवं लिव्हर हळूहळू नाकारणं), न जुळणारा रक्तगट, एकेक बाजूला काढ. पहिल्या 90 दिवसांतल्या अरुंद जागा तर या आजाराच्या नावावर मांडायच्याच नाहीत. ऑपरेशनचे कागदही मागव. यांच्या नलिका बऱ्याचदा थेट लहान आतड्याला जोडलेल्या असतात आणि मग नेहमीची ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिकांपर्यंत पोचणं, अवघड जाते.

आजार रोखणारं खात्रीचं औषध आजही नाही, तसं स्पष्ट सांग. मात्र हातात काहीच नाही असंही नाही. कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) असेल तर तो आटोक्यात ठेव, वर्षाला कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) चुकवू नकोस. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका प्रत्यारोपणानंतरही राहतो.

थंडी वाजून ताप आला तर मात्र "सोमवारी पुण्याला दाखवू" हे ऐकून घेऊ नकोस. त्याच दिवशी ब्लड कल्चर, अँटिबायोटिक, आणि लगेच प्रत्यारोपणाच्या टीमला फोन. इथून पुणं सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. तोवर जंतू रक्तात पसरतात.

डोळे पिवळे दिसले की कुणीतरी करवीर-पन्हाळ्याकडून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणतंच, नाहीतर गुळवेलीचा काढा. रागावलास तर पुढच्या वेळी लपवतील. शांतपणे विचार आणि बंद करायला लाव. पपनसही नको, त्यानं टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी वाढते.

डॉप्लरचा रिपोर्ट आला की फोन कर, रविवार असला तरी चालेल. एमआरसीपीच्या फिल्म आपण दोघं मिळून बघू.