रेनकोट कधी घालायचा आणि क्लच वायर कुणामुळे तुटली

तुम्ही विचारलंय की चार-पाच मित्र पहिल्यांदाच बाईकवर लांब निघताय, वाटेत मोठा घाट आहे, हवामानाचा भरवसा नाही, तर सोबत काय काय घ्यावं. सामानाची यादी बाकीच्या उत्तरांत येईलच. मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: 'रेनकोट पाऊस सुरू झाल्यावर घातला तरी चालतो ना?'

नाही चालत. या एका वाक्यावरून माझं आणि एका मित्राचं सहा वर्षं वाजतंय. त्याला इथे पुढारी म्हणतो, कारण प्रत्येक ट्रिपला तो सगळ्यांच्या पुढे असतो आणि आरशात कधी बघत नाही.

आम्ही पाच जण, चार गाड्या. ट्रिपचा दुसरा दिवस. सकाळी धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. नऊ वाजता ऊन पडलं, जॅकेटच्या चेन उघड्या टाकून चाललो होतो. अकराच्या सुमाराला समोरचा डोंगर दिसेनासा झाला. थोड्या वेळाने समोरून एकदम गार वाऱ्याचा झोत आला. घामेजल्या अंगाला बरं वाटतं ते, पण भुलू नका. पावसाच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरत पुढे येते, म्हणून पावसाच्या आधी वारा गार होतो. डोंगर पुसला गेलाय आणि वारा गार झालाय, म्हणजे आकाशाकडे बघत बसायचं काही कारण उरलं नाही.

घाटाच्या पायथ्याशी रस्ता जरा रुंद होता तिथे मी हॉर्न वाजवून सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, रेनकोट चढवा.

"अरे अजून थेंब तरी पडलाय का?" पुढारी म्हणाला. हेल्मेटसुद्धा काढलं नाही त्याने. "वर जाऊन बघू. उगाच उकडून मरायचं."

आम्ही चौघांनी बॅगेतून काढले रेनकोट. तो आपल्या गाडीशेजारी हाताची घडी घालून उभा. आता पुढचं नीट सांगतो, कारण इथूनच भांडण सुरू होतं. त्याच्या गाडीच्या उजव्या बाजूला माझी गाडी साईड स्टँडवर लावलेली होती, डांबर सोडून कडेच्या मातीवर. मागे बसून येणारा आमचा पाचवा भिडू बुटांवरून रेनकोटची पँट चढवत होता. एका पायावर उभा, आणि तोल जाऊ नये म्हणून एक हात माझ्या गाडीच्या कॅरियरवर. बूट पँटीत अडकला, त्याने जोर दिला, आणि स्टँड मातीत रुतायला लागला. गाडी धाडकन पडली नाही. म्हैस बसते तशी सावकाश डावीकडे कलली, पुढाऱ्याच्या गाडीला टेकली आणि तिला घेऊनच आडवी झाली. त्याची गाडी डाव्या अंगावर, म्हणजे क्लचच्या बाजूला पडली. इंडिकेटरची काच फुटली, आरसा फिरला, क्लच लिव्हरचं टोक जरा वाकलं. उचलल्या, तपासल्या, निघालो. एकूण बारा मिनिटं गेली असतील.

निघाल्यावर नवव्या मिनिटाला पाऊस आला. रिमझिम वगैरे नाही, एकदम पडदाच. उन्हाने तापलेल्या रस्त्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट असतात. तेल, टायरचा झिजलेला रबर, धूळ असं जे साचलेलं असतं ते पाण्याबरोबर वर येतं आणि अजून वाहून गेलेलं नसतं. कडेच्या पांढऱ्या पट्ट्या आणि पुलावरच्या लोखंडी जोडपट्ट्या तर साबणच. नेमक्या याच दहा मिनिटांत माणूस काय करतो? कडेला घ्यायला जागा शोधतो, वळणावर करकचून ब्रेक मारतो, मागून येणाऱ्या ट्रकच्या समोर एका पायावर उभा राहून पँट चढवतो. म्हणून रेनकोट आधी. तो कोरडं राहण्यासाठी असतोच, पण त्याहून जास्त चुकीच्या जागी थांबावं लागू नये म्हणून असतो. हे मी पुढाऱ्याला निदान चाळीस वेळा सांगितलंय.

तो अर्थातच थांबला नाही. 'आता भिजलोच आहे, कशाला थांबायचं' हे दुसरं प्रसिद्ध वाक्य. भिजून गाडी चालवण्यात नुसतं ओलं होणं नसतं हो. कपड्यातलं पाणी तुमच्या अंगाच्या उष्णतेवर वाळतं, आणि वारा ते काम थांबू देत नाही. त्यात घाट चढताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. दहा अंशांत ताशी ऐंशीचा वारा उघड्या कातडीवर घेतला तर तो चार-पाच अंशांसारखा लागतो, आणि हा हिशोब कोरड्या माणसाचा आहे.

अर्ध्या घाटात, एका उभ्या वळणावर त्याची गाडी गचके खाऊन बंद पडली. मी पोचलो तेव्हा तो क्लच दाबतोय-सोडतोय, आणि लिव्हर मेल्यासारखा लोंबतोय. लिव्हरपासून इंजिनातल्या क्लचपर्यंत जाणारी वायर तुटली होती. लिव्हरपाशी वायरच्या टोकाला धातूची घुंडी असते, तिच्या जरा खाली. हेल्मेटचा पट्टा सोडायला गेला तर त्याला बकल दाबता येईना. अंगठा त्या लाल कळीवर टेकवायचा आणि तो नुसता घसरायचा. शेवटी मी सोडलं, लहान मुलाचं सोडतात तसं. "मी ठीक आहे" म्हणाला, पण त्या तीन शब्दांत दोनदा थांबला. कुडकुडणं, बोटं न वळणं, शब्द तुटणं, हे दिसलं की त्या माणसाकडून किल्ली काढून घ्यायची, चर्चा करायची नाही. आधी कोरडे कपडे, मग बाकीचं.

माझ्याकडे जादा क्लच वायर होती. माझ्या गाडीची. त्याच्या गाडीला चार बोटं आखूड. तेव्हा सामानाबद्दलचा एक सल्ला देऊन टाकतो: चार वेगवेगळ्या गाड्या असतील तर चार वेगवेगळ्या वायरी घ्या, क्लचच्याही आणि ॲक्सिलरेटरच्याही. वजन काही नसतं.

मग पुढाऱ्याला माझे कोरडे कपडे घालून दुसऱ्याच्या मागे बसवलं, माझी गाडी पाचव्या भिडूला दिली, आणि मी त्याची बिनक्लचची गाडी घेतली. हे जमतं, फक्त धीर लागतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करायचं, गाडीचं तोंड उताराकडे करून ती घरंगळू द्यायची, धावत्या माणसाएवढा वेग आला की पायाने पहिला गियर दाबायचा. ठक्क असा आवाज होतो आणि आपण काहीतरी मोडलं असं वाटतं. मोडत नाही. वरचे गियर टाकताना ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा आणि त्याच क्षणी पाय उचलायचा, इतकं सोपं की क्लच उगाच बसवलाय असं वाटायला लागतं. थांबणं मात्र परवडत नाही. उताराने खाली जाऊन रुंद जागा बघून वळलो आणि वरपर्यंतचे सतरा किलोमीटर पाय टेकवला नाही. वळणांवर तोंडाने 'येऊ नको, येऊ नको' म्हणत होतो, समोरच्या वाहनांना.

वर पोचलो आणि ऊन पडलं. लख्ख. रस्त्यावरून वाफा निघत होत्या, आम्ही रेनकोटमध्ये उकडून निघत होतो आणि कोरडे कपडे घालून आरामात बसलेला एकच माणूस होता, तो कोण ते तुम्ही ओळखलंच. तेवढ्यात जळका वास आला. पाचव्या भिडूच्या रेनकोटची पँट लांब होती, ती पूर्ण घाटभर माझ्या सायलेन्सरला चिकटून वितळत आली होती. तो निळा डाग अजून आहे, खरवडून निघत नाही. पँटीचे पाय घोट्यापाशी पट्टीने बांधा. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, तर आणूच नका, फडफडणारं कापड चेनमध्ये जाऊ शकतं. आणि पँट बुटाच्या बाहेरून घ्या, आत खोचली तर सगळं पाणी ओघळून बुटात जमतं, मग बूट कितीही वॉटरप्रूफ असोत.

तर भांडण. पुढाऱ्याचं म्हणणं असं, आणि तो ते प्रत्येक लग्नाकार्यात, नवीन माणूस भेटला की सांगतो: 'याने थांबवलं म्हणून गाडी पडली, गाडी पडली म्हणून वायर तुटली. नसतो थांबलो तर पावसाच्या आधीच घाट पार.'

दुसरा मुद्दा आधी. थांबलो ती बारा मिनिटं, घाटात वेग ताशी चाळीस, म्हणजे आठ किलोमीटर. पाऊस लागल्यावर वायर तुटेपर्यंत आम्ही पावसातच दहा किलोमीटर चाललो होतो आणि पुढे वरपर्यंत सतरा उरले होते. न थांबता गेला असता तर आठ किलोमीटर पुढे भिजला असता, एवढाच फरक.

पहिल्या मुद्द्याचा पुरावा माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती तुटलेली वायर मी नवी बसवताना मागून घेतली होती. क्लच वायर म्हणजे एक तार नसते, बारीक तारांचा पीळ असतो. घरी येऊन भिंगाखाली धरली. एकोणीस तारा मोजल्या. त्यातल्या अकरा तारांची टोकं काळपट, गंजलेली. आठच चकचकीत. गंज एका दिवसात, तेही तुटलेल्या टोकाच्या तोंडावर, असा चढत नाही. म्हणजे अकरा तारा आधीच, एकेक करून, काही महिन्यांत तुटलेल्या होत्या. लिव्हर दाबताना घुंडी आपल्या खाचेत फिरली पाहिजे. तिथे ग्रीस नसलं की ती अडकते आणि प्रत्येक वेळी वायर त्याच जागी वाकते. काटकी वाकवून वाकवून तोडतात तसं. उरलेल्या आठांवर सगळा भार, वर ओल्या घाटातली सततची क्लचची दाबादाबी. गाडी पडली नसती तरी ती वायर त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी गेलीच असती. फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. त्यावर त्याने फक्त अंगठा दाखवला. सहा वर्षं.

तुमच्यासाठी अजून थोडं. रेनकोट बॅगेच्या तळाशी नको, सगळ्यात वर, हात घातला की मिळेल असा. हातमोजे दोन जोड, कारण ओले मोजे पुन्हा घालणं ही शिक्षा आहे. ट्यूबवाले टायर असतील तर जादा ट्यूब, ट्यूबलेस असतील तर पंक्चर किट आणि छोटा पंप. पावसानंतर संध्याकाळी चेनला तेल द्या, नाहीतर सकाळी ती तांबूस झालेली दिसेल. साईड स्टँडखाली ठेवायला एक चपटी फळी किंवा चेपलेला डबा घ्या. हसू नका. आणि ग्रुपमध्ये एकच नियम करा: प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवायचं, तो दिसेनासा झाला की थांबायचं. मग पुढारी कोणीही असो.

न्याय म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. मातीत साईड स्टँड लावणं ही माझी चूक, तिथे डांबरावर जागा होती. आणि ज्याला उन्हाळ्यात सपाट रस्त्याने तासाभराचंच जायचंय त्याने माझं रेनकोट-पुराण मनावर घेऊ नये, उकाड्यानेही माणूस गाडीवर पेंगतो.

तिसरी पण आहे. निघायच्या आदल्या रात्री चारही गाड्या तपासायचं काम माझ्याकडे होतं. टायरची हवा, चेनचा ताण, ब्रेक, दिवे, सगळं वहीत टिकमार्क करून बघितलं. क्लचसमोरही टिकमार्क आहे, कारण लिव्हर दाबला आणि तो नीट दाबला गेला. लिव्हरपाशी वायरवर रबराची टोपी असते, ती मागे सरकवून बघायला दोन सेकंद लागतात. ती मी सरकवली नव्हती. अकरा गंजक्या तारांचा अर्थ पुढाऱ्याच्या अजून ध्यानात आलेला नाही, आणि तो हे उत्तर वाचणार नाही असं धरून लिहितोय.

तुम्ही निघण्याआधी सगळ्या गाड्यांची ती टोपी सरकवून बघा.