आधी लस सांभाळ

पोरी, उपकेंद्रावर रुजू झालीस, आता गुणवत्ता मानकांची चेकलिस्ट बघून घाबरू नको. राष्ट्रीय प्रमाणपत्राला ७० टक्के गुण लागतात, पण तपासणीपुरत्या फायली रंगवू नको.

आधी लस सांभाळ. बीडच्या मे महिन्यात तांड्यावर लसीचा कॅरिअर, म्हणजे बर्फाचा डबा, सावलीतच ठेव. गोवर-रुबेलाच्या व्हायलमधली, म्हणजे लसीच्या बाटलीतली, पूड विरघळवली की त्यावर वेळ लिही. ४ तास झाले की टाकून दे, बाहेर एकच बाळ थांबलेलं असलं तरी नवी फोड. पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, उघडी व्हायल २८ दिवस चालते, पण व्हीव्हीएम (लस उष्णतेनं खराब झाली का ते दाखवणारी व्हायलवरची खूण) आणि उघडल्याची तारीख बघूनच. टोचल्यावर आईला अर्धा तास हलू देऊ नको, कितीही घाई करू दे.

ऊसतोडीवरून परतलेल्या आईकडून बाळाचं लसीकरण कार्ड हरवलं तर ओरडू नको. नवं करून दे, राहिलेले डोस त्याच दिवशी सुरू कर.